सासूबाई दोनदा पडल्या. आता त्यांना पलंगावरच ठेवावे का?

प्रश्न : आम्ही नाशिकला राहतो. माझ्या सासूबाईंचे वय ७८ आहे. गेल्या चार महिन्यांत त्या दोनदा पडल्या. पहिल्यांदा रात्री तीनच्या सुमारास लघवीला जाताना बाथरूमच्या उंबरठ्याशी, आणि दुसऱ्यांदा तीन आठवड्यांपूर्वी सकाळी पूजा आटोपून पाटावरून उठताना. त्या वेळी डोके चौरंगाच्या कडेला लागले. एक्स-रेमध्ये हाड मोडलेले दिसले नाही. त्यांना मधुमेह व रक्तदाब असून हृदयात स्टेंट आहे. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू आहेत. साखरेची ग्लिमेपिराइड त्या सकाळी आंघोळ झाल्यावर घेतात, रक्तदाबाची गोळी रात्री जेवणानंतर घेतात (तिच्यात लघवी वाढवणारे औषधही आहे), आणि झोपेसाठी अल्प्राझोलाम. यजमानांनी कठड्यांचा पलंग भाड्याने आणला आहे व ब्यूरोतून चोवीस तासांच्या मावशी ठेवल्या आहेत. रात्री उठावे लागू नये म्हणून मावशी डायपर लावतात. सासूबाई संतापल्या आहेत. ‘मला धडधाकट असताना आजारी करून टाकले,’ असे म्हणतात. आता उभे राहताना त्यांचे पाय लटपटतात. यजमान विचारतात, तिसऱ्यांदा पडली तर जबाबदार कोण? आम्ही काय करावे?

उत्तर :

सप्रेम नमस्कार. तुमच्या मुख्य प्रश्नाकडे वळण्याआधी एक तातडीची गोष्ट सांगते, कारण ती थांबू शकत नाही. सासूबाईंच्या डोक्याला मार लागला आहे आणि त्या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या घेतात. अशा व्यक्तीच्या कवटीच्या आत, मेंदूच्या बाहेरच्या बाजूला, रक्त फार हळूहळू साचू शकते, आणि त्याची लक्षणे मार लागल्या दिवशी न दिसता काही दिवसांनी किंवा काही आठवड्यांनीही दिसू लागतात. वाढत जाणारी डोकेदुखी, दिवसा येणारी गुंगी, बोलण्यातला गोंधळ, उलटी, एका बाजूच्या हातापायातली कमजोरी, बदललेली चाल ही ती लक्षणे. पाय लटपटतात असे तुम्ही लिहिले आहे. ते अंथरुणात पडून राहिल्यामुळे असण्याची शक्यता बरीच आहे. पण तीन आठवड्यांपूर्वी डोके आपटलेले असताना ते गृहीत धरून चालणार नाही. उद्यावर न टाकता आजच डॉक्टरांना हे सर्व सांगा आणि डोक्याचा सीटी स्कॅन करायला हवा का, हे स्पष्ट शब्दांत विचारा. साध्या एक्स-रेमध्ये हा रक्तस्राव दिसत नाही. मात्र स्टेंट असल्यामुळे रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या आपल्या मनाने एक दिवसही बंद करू नका.

आता तुमचा प्रश्न. त्यांना पलंगावर ठेवू नये, असे माझे ठाम मत आहे. तुमच्या यजमानांच्या मनातली भीती मला पूर्ण समजते, आणि पलंग व मावशी ही सोय त्यांनी आईच्या काळजीपोटीच केली आहे. परंतु जो उपाय त्यांना सुरक्षित वाटतो, तोच पुढच्या पडण्याची तयारी करतो. सत्तरीपुढच्या शरीरात स्नायू झपाट्याने झडतात. अमेरिकेत निरोगी ज्येष्ठांना केवळ दहा दिवस अंथरुणात ठेवून केलेला एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला, आणि त्यात दोन्ही पायांचे मिळून जवळजवळ एक किलो स्नायू कमी झाल्याचे आढळले. ती माणसे निरोगी होती. तुमच्या सासूबाईंना मधुमेह आहे आणि त्यांचे तीन आठवडे होत आले. शिवाय सतत आडवे राहिल्याने उभे राहताना रक्तदाब सावरून धरण्याची शरीराची सवय ढिली पडते आणि तोल सांभाळण्याचा आत्मविश्वासही जातो. अशा अवस्थेत एखाद्या रात्री त्या एकट्या उठल्या, आणि संतापलेली स्वाभिमानी बाई एकदा तरी उठतेच, तर त्यांचे पाय त्यांना पेलणार नाहीत.

यजमानांच्या प्रश्नापेक्षा वेगळा एक प्रश्न तुम्ही सर्वांनी विचारायला हवा : त्या का पडल्या? ‘वय झाले’ हे कारण नव्हे. तुमचे पत्र नीट वाचले तर दोन्ही वेळच्या पडण्याची कारणे वेगवेगळी असावीत असे दिसते, आणि दोन्हींवर इलाज आहे.

सकाळचे पडणे आधी पाहू. सासूबाई आंघोळ करतात, साखरेची गोळी घेतात आणि पूजेला बसतात. पूजा होईपर्यंत त्या काही खात नसणार. ग्लिमेपिराइड ही गोळी शरीरातले इन्शुलिन वाढवते, म्हणून ती न्याहारीबरोबर घ्यायची असते. गोळी पोटात आणि अन्न मात्र तासाभराने, अशी स्थिती झाली तर साखर ७० च्या खाली उतरू शकते. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी अशी लक्षणे तरुण माणसाला लगेच जाणवतात, पण वृद्धांमध्ये कित्येकदा फक्त गोंधळ किंवा अशक्तपणा येतो आणि माणूस पडतो. त्यात गरम पाण्याची आंघोळ रक्तवाहिन्या सैल करते, पाटावर मांडी घालून बसल्याने पायांना मुंग्या येतात, आणि एवढ्या खालून एकदम उठताना रक्तदाब घसरतो. या चार गोष्टी एका क्षणी एकत्र आल्या तर कोणीही पडेल. संकष्टी-एकादशीचे उपवास त्या करत असतील, तर त्या दिवशी गोळीचे काय करायचे हेही डॉक्टरांकडून ठरवून घ्या. पूजा सोडायला सांगू नका. गोळी पूजेनंतर न्याहारीच्या पहिल्या घासाबरोबर घेता येईल का ते विचारा, आणि देव पाटाच्या उंचीवरून टेबलाच्या उंचीवर आणून समोर हातांची, भक्कम, न घसरणारी खुर्ची ठेवा. बऱ्याच घरांतल्या आजी ही व्यवस्था सुरुवातीला नाकारतात. मात्र देव कुठल्या उंचीवर मांडायचे आणि तबक कुठे ठेवायचे हे त्यांनाच ठरवू दिले, तर विरोध मावळतो.

रक्तदाब घसरतो की नाही, हे घरी तपासता येते, आणि ही तपासणी तुम्ही याच आठवड्यात करावी असा माझा आग्रह आहे. सासूबाईंना पाच मिनिटे शांत आडवे राहू द्या आणि रक्तदाब मोजा. मग त्यांना आधार देऊन उभे करा, आणि उभे राहिल्यावर एका मिनिटाने व तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. वरचा आकडा २० किंवा त्याहून अधिक, अथवा खालचा आकडा १० किंवा त्याहून अधिक उतरला, तर त्याला वैद्यकीय अर्थ आहे आणि औषधांची फेरआखणी करावी लागते. मोजताना घेरी आली तर लगेच बसवा. आकड्यासाठी त्यांना उभे धरून ठेवू नका. सकाळी उठल्याबरोबर आणि जेवणानंतर तासाभराने, असे तीन-चार दिवस मोजून वहीत वेळेसह लिहून ठेवा. दवाखान्यात रक्तदाब बहुधा बसवून मोजला जातो, त्यामुळे ही घसरण कित्येक महिने कोणाच्या लक्षातच येत नाही.

रात्रीच्या पडण्यामागे तीन औषधांचे वेळापत्रक असावे असा माझा अंदाज आहे. लघवी वाढवणारे औषध रात्री घेतले की मध्यरात्री उठावेच लागते. अल्प्राझोलामचा अंमल तेव्हा पूर्ण उतरलेला नसतो. ती झोप आणते, पण स्नायू ढिले करते, तोल बिघडवते आणि प्रतिक्रिया मंदावते, म्हणून वृद्धांसाठी टाळण्याजोग्या औषधांच्या याद्यांत या गटातल्या गोळ्या येतात. रक्तदाबाच्या गोळीचा परिणामही अंधारातून उठून उभे राहण्याच्या त्याच वेळी होत असतो. लघवी वाढवणारे औषध सकाळी हलवता येईल का आणि अल्प्राझोलाम हळूहळू कमी करत बंद करता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. ‘हळूहळू’ हा शब्द महत्त्वाचा आहे. रोजची सवय असलेली ही गोळी एकदम तोडली तर झोप उडते, जीव घाबरा होतो आणि प्रसंगी झटकेही येतात. साखर वाढलेली असली किंवा मूत्रमार्गाचा संसर्ग असला तरी रात्री वारंवार उठावे लागते, म्हणून लघवीची तपासणीही होऊ द्या. पायांवर सूज येत असेल, तर दिवसभर पायांत साठलेले पाणी आडवे झाल्यावर लघवीवाटे बाहेर पडते. दुपारी तासभर पाय उंच ठेवून पडल्यास रात्रीचा त्रास कमी होतो. पाणी मात्र तोडू नका. दिवसभर व्यवस्थित प्यायला द्या आणि संध्याकाळनंतर थोडे आवरते घ्या, तेही हृदयाच्या डॉक्टरांनी पाण्याची मर्यादा सांगितली नसेल तर.

डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून न्या. सर्दीची, खाजेची, गुडघेदुखीची, शेजारणीने दिलेली, वैद्यांनी दिलेली, सगळ्या. सर्दी-खाजेच्या कित्येक साध्या गोळ्याही गुंगी आणतात, आणि औषधांच्या दुकानातून परस्पर आणलेली गोळी डॉक्टरांच्या कागदावर कधीच येत नाही.

पलंगाच्या कठड्यांविषयी तुम्हाला स्पष्ट सांगणे माझे कर्तव्य आहे. शुद्धीत असलेल्या, स्वतः उठू शकणाऱ्या माणसाला दोन्ही बाजूंच्या कठड्यांत ठेवले की तो त्यावरून किंवा पायथ्याकडून उतरण्याचा प्रयत्न करतो, आणि मग तो पलंगाच्या नव्हे, तर कठड्याच्या उंचीवरून पडतो. गादी आणि कठडा यांच्या फटीत मान किंवा छाती अडकण्याचा धोका वेगळाच. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाकडे १९८५ ते २००९ या काळात अशा अडकण्याच्या ८०३ घटना नोंदल्या गेल्या आणि त्यांत ४८० जणांचा मृत्यू झाला. पलंग परत करायचा नसेल तर ठेवा, पण तो सर्वांत खालच्या उंचीवर आणा. सासूबाई काठावर बसल्यावर त्यांचे तळपाय पूर्णपणे जमिनीला टेकले पाहिजेत. डोक्याकडचा अर्धा कठडा फक्त उठताना हाताला धरायला राहू द्या, बाकीचे उतरवा. मावशींनी हात किंवा कंबर पलंगाला बांधण्याचा विषय काढला, तर त्याला कोणत्याही परिस्थितीत मान्यता देऊ नका.

डायपरही बंद करा. ज्या बाईला लघवीची जाणीव आहे आणि जी चालत संडासापर्यंत जाऊ शकते, तिला सोयीसाठी डायपर लावला की काही आठवड्यांत ती जाणीव आणि रोखून धरण्याची ताकद दोन्ही कमी होऊ लागतात. ओलाव्याने कातडी सोलवटते, आणि मधुमेहात अशी जखम लवकर भरत नाही. अपमानाची गोष्ट तर त्यांनी स्वतःच बोलून दाखवली आहे, आणि त्यांचे म्हणणे मला योग्य वाटते. त्याऐवजी रात्री पलंगाशेजारी, भिंतीला टेकवून, कमोडची खुर्ची ठेवा, झोपण्याआधी त्यांना लघवीला नेऊन आणा, आणि त्या साधारण किती वाजता उठतात हे दोन-तीन रात्री पाहून त्याच्या थोडे आधी मावशींनी स्वतःहून विचारावे. झोपमोड होऊन घाईघाईने उठणे आणि शांतपणे उठवले जाणे यांत मोठा फरक आहे.

मावशींना दोष देऊ नका. त्यांना कोणी शिकवलेलेच नसते. चोवीस तास एकट्या बाईने जागे राहावे ही अपेक्षाच अवाजवी आहे, आणि दमलेला माणूस डायपरचाच मार्ग शोधणार. घरात दिवसा तुम्ही असाल, तर बारा तासांची रात्रपाळी घ्या आणि मावशी जाग्या राहतील असे ब्यूरोशी ठरवा. इंजेक्शन, जखमेचे ड्रेसिंग, नळी अशी कामे मावशींची नव्हेत. त्यांसाठी महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी असलेली परिचारिका मागा. मावशींना तुम्ही एवढे शिकवा : सासूबाईंना उठवताना हात धरून ओढायचे नाही आणि काखेत हात घालून उचलायचे नाही, कारण त्याने खांदा निखळू शकतो. आधी कुशीवर वळवावे, मग पाय खाली सोडून बसवावे, मिनिट-दोन मिनिटे बसू द्यावे, घोटे वर-खाली करायला सांगावेत, ‘घेरी येते का?’ असे विचारावे आणि मगच उभे करावे. सासूबाईंनी स्वतःच्या पायांवर आणि हातांवर जोर द्यावा. मावशींनी अशक्त बाजूला, किंचित मागे उभे राहून कमरेला आधार द्यावा. फिजिओथेरपिस्टकडे यासाठी मुठींचा कमरेचा पट्टा मिळतो. समोरून दोन्ही हात धरून चालवत नेणे दिसायला प्रेमळ वाटते, पण तोल जाताना त्याचा उपयोग होत नाही, आणि तशाने दोघी पडतात.

घरातले बदल फारसे खर्चिक नाहीत. पलंगापासून बाथरूमपर्यंत रात्रभर मंद उजेड, उंबरठ्याच्या कडेला उठून दिसणाऱ्या रंगाची पट्टी, कमोडशेजारी आणि नळाजवळ भिंतीत पक्के बसवलेले दांडे, आंघोळीला खुर्ची, आणि सरकणारी पायपुसणी हद्दपार. टॉवेलचा दांडा हा आधाराचा दांडा नव्हे. तो वजनाखाली उखडतो. मधुमेहामुळे तळपायांची संवेदना कमी झाली असेल, तर गुळगुळीत फरशीवर अनवाणी किंवा नुसते मोजे घालून चालणे योग्य नाही. टाचेला पट्टा असलेली, रबरी तळव्याची पादत्राणे घरातही घालावीत, आणि देवघरात बाहेरची चप्पल चालत नसेल तर धुतलेला वेगळा जोड केवळ घरासाठी ठेवावा. साडी घोट्याच्या वर नेसायला सांगा, किंवा त्यांना चालत असेल तर रात्री गाऊन द्या. मोतीबिंदूची तपासणी करून घ्या. वर दूरचे आणि खाली जवळचे असा दुहेरी चष्मा असेल, तर पायऱ्या उतरताना तो घोटाळा करतो, म्हणून चालण्यासाठी फक्त दूरचा वेगळा चष्मा बरा.

सीटी स्कॅनचा प्रश्न मिटला आणि डॉक्टरांनी परवानगी दिली, की त्यांना चालते करण्याचे काम सुरू करा. पडणे टाळण्याचा सर्वांत भरवशाचा उपाय व्यायाम हाच आहे. घरीच राहणाऱ्या ज्येष्ठांवर झालेल्या १०८ चाचण्यांचा एकत्रित आढावा कॉक्रेन या संस्थेने २०१९ साली घेतला, आणि व्यायामाने पडण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटते असे त्यात आढळले. यात नुसते चालणे अभिप्रेत नाही. पायांची ताकद आणि तोल यांचा व्यायाम हवा. हातांच्या खुर्चीतून उठणे-बसणे, स्वयंपाकाच्या ओट्याला धरून टाचा उचलणे, एका पायावर क्षणभर उभे राहणे, ओट्याच्या कडेने आडवे चालणे, हे सुरुवातीला फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली आणि नंतर तुमच्यासमोर आठवड्यातून निदान तीनदा व्हावे. काठी की वॉकर, हेही फिजिओथेरपिस्टनाच ठरवू द्या. काठी दिली, तर तिची मूठ हात सरळ सोडल्यावर मनगटाच्या रेषेशी यावी आणि ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. खालचे रबरी बूच झिजले की बदलावे. हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी आणि ड जीवनसत्त्वाची पातळी यांविषयी डॉक्टरांना विचारून ठेवा. ७० वर्षांवरील सर्वांना ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत उत्पन्नाची अट न ठेवता वर्षाला कुटुंबामागे पाच लाख रुपयांपर्यंत रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण मिळते. ते कार्ड काढले नसेल तर काढून घ्या.

यजमानांशी बोलताना ‘तुमचे चुकले’ असे म्हणू नका. त्यांना वहीतले रक्तदाबाचे आकडे आणि गोळ्यांच्या वेळा दाखवा. आई चालू लागली तर पडण्याची शक्यता शून्य होणार नाही, हे त्यांनी मान्य करायला हवे, आणि तुम्हीही ते लपवू नका. पण कारणे दूर करून चालणारी आई आणि कारणे तशीच ठेवून कठड्यांत झोपलेली आई यांत दुसरीचा धोका मोठा आहे. सासूबाईंनाही या बोलण्यात बसवा. रात्री एकटे न उठता हाक मारण्याचे त्यांनी कबूल करावे आणि बदल्यात डायपर व कठडे जावेत, हा व्यवहार त्यांना पटेल असे मला वाटते. त्यांच्या उशाशी एक घंटी ठेवा, आणि घंटी वाजली की कोणीतरी लगेच उठलेच पाहिजे. दोनदा वाट पाहावी लागली, की त्या पुन्हा एकट्याच निघतील.

त्या पुन्हा पडल्याच, तर धावत जाऊन उचलू नका. आधी जवळ बसा, बोला, त्या नीट उत्तर देतात का पाहा. कंबरेत किंवा मांडीत तीव्र कळ असेल, एक पाय आखूड व बाहेर वळलेला दिसत असेल, मानेत वेदना असतील किंवा डोके आपटले असेल, तर त्यांना तसेच राहू द्या, पांघरूण घाला आणि १०८ वर फोन करा. इजा दिसत नसेल, तर कुशीवर वळवा, गुडघ्या-हातांवर येऊ द्या, समोर भक्कम खुर्ची ठेवा, तिच्यावर दोन्ही हात टेकून मजबूत पाय पुढे रोवून त्यांनाच उठू द्या आणि लगेच मागे दुसरी खुर्ची सरकवा. मग साखर आणि रक्तदाब मोजा, आणि त्या क्षणी त्या काय करत होत्या, त्याआधी काय खाल्ले होते, कोणती गोळी किती वाजता घेतली होती, हे विसरण्याआधी वहीत लिहा. घरात त्या एकट्या असण्याचा प्रसंग येत असेल, तर फोन टेबलावर नव्हे, गळ्यातल्या छोट्या पिशवीत ठेवा, कारण तासाहून अधिक काळ जमिनीवर पडून राहिल्यास केवळ दबलेल्या स्नायूंमुळेही मूत्रपिंडांना इजा होऊ शकते.